गोमंतकीय धावपटू

गोमंतकीय धावपटू : मूळ गोव्याचे, पण गोव्याबाहेर घडलेले ॲथलेटिक्सपटू. लेव्ही पिंटो, मेरी डिसोझा-सिक्वेरा, स्टेफी डिसोझा आणि सेराफिनो आंताव ही त्यांतली ठळक नावे. चौघांची कारकीर्द साधारण १९५१ ते १९६४ या काळात येते. त्यांपैकी एकाचीही कामगिरी ‘गोवा’ या नावाखाली नोंदलेली नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे भारताच्या राष्ट्रीय स्पर्धांत गोव्याचा संघ असण्याचा प्रश्नच नव्हता. पोटापाण्यासाठी माणसे मुंबईला किंवा पूर्व आफ्रिकेत जात. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावागावांच्या कुडी (गावकऱ्यांची सामाईक राहण्याची जागा) होत्या, तर नैरोबी-मोंबासाला गोवन इन्स्टिट्यूट हे गोवेकरांचे क्लब. पळणारी पोरे तिथल्या मैदानांवर तयार झाली. म्हणून जुन्या निकालांत त्यांना शोधायचे तर मुंबई, भारत, केनिया ही पाने उलटावी लागतात.

नुसत्या आडनावावर विसंबूनही चालत नाही. डिसोझा, पिंटो, सिक्वेरा ही आडनावे मंगळूर आणि वसईकडेही तितकीच आढळतात.

पिंटो यांचा जन्म नैरोबीचा (१९२९). मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे त्यांनी १०० मीटर १०.८ सेकंदांत आणि २०० मीटर २२.० सेकंदांत जिंकली. पुढच्या वर्षी ते हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावले. त्याच ऑलिंपिकमध्ये मेरी डिसोझा १०० आणि २०० मीटरला उतरल्या. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर धावलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणजे त्या आणि नीलिमा घोष. वांद्र्यात वाढलेल्या मेरी हॉकीतही भारताकडून खेळल्या. २०१३ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, म्हणजे हेलसिंकीनंतर तब्बल ६१ वर्षांनी.

१९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत महिलांच्या ४ × १०० मीटर रिलेचे सुवर्ण भारताला मिळाले. त्या चमूत क्रिस्टीन ब्राउन आणि व्हायोलेट पीटर्स यांच्यासोबत मेरी आणि स्टेफी या दोन्ही डिसोझा होत्या. निकालात नुसते आडनाव छापले की इथेच घोटाळा होतो आणि एकीचे पदक दुसरीच्या नावावर चढते. स्टेफी यांनी १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत २०० मीटरचे रौप्य मिळवले. १९६३ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ॲथलेटिक्ससाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० मीटर शर्यत प्रथमच ठेवली गेली आणि तीत त्या धावल्या.

त्या काळची रिले आजच्याहून अवघड होती. बॅटन (एकीने दुसरीच्या हाती द्यायची दांडी) देण्याघेण्यासाठी जेमतेम २० मीटरचा पट्टा असे. त्यामागची वेग पकडण्याची १० मीटरची मोकळीक नंतर मिळाली, आणि आता तर सगळा पट्टाच ३० मीटरचा आहे. घेणारी आपल्या मागे पावले मोजून खूण करते आणि येणारी त्या खुणेवर पोचली की सुटते. लवकर सुटली तर पट्टा संपतो तरी बॅटन हाती येत नाही. उशिरा सुटली तर मागची तिच्या अंगावर येते. पंच पाहतात ते बॅटन पट्ट्यात होती की नाही एवढेच, पाय कुठे होते हे नाही.

आंताव यांची गोष्ट निराळीच. मोंबासाला जन्मलेल्या (१९३७) या धावपटूने १९६२ च्या पर्थ राष्ट्रकुल स्पर्धेत १०० यार्ड ९.५ सेकंदांत जिंकली आणि २२० यार्डांचे सुवर्णही घेतले. केनियाची राष्ट्रकुलातली ही पहिली सुवर्णपदके. लांब पल्ल्यासाठी नावाजलेल्या देशाचे खाते एका गोंयकाराने कमी पल्ल्याच्या शर्यतीत उघडले, हे गोव्यातही फारसे कोणाला ठाऊक नसते. स्वतंत्र केनियाच्या पहिल्या ऑलिंपिक पथकाचा ध्वज १९६४ साली त्यांच्याच हाती होता.

या वेळांची आजच्या वेळांशी थेट तुलना करणे चूक ठरते. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, तेव्हा ९.५ सेकंद ही वेळ १०० मीटरला सुमारे १०.४ अशी धरावी. शिवाय हे हातघड्याळाचे आकडे आहेत. आवाजाला १०० मीटर कापायला सुमारे ०.३ सेकंद लागतो, म्हणून घड्याळ पिस्तुलाचा बार ऐकून नव्हे, तर धूर दिसताच दाबायचे. तरीही बोट थोडे मागेच राहते. त्यामुळे १०० आणि २०० मीटरच्या हातघड्याळी वेळेत ०.२४ सेकंद मिळवूनच ती इलेक्ट्रॉनिक वेळेशेजारी ठेवतात. पिंटोंचे १०.८ या हिशेबाने ११.०४ होतात. पण ते कोळशाच्या राखेच्या ट्रॅकच्या जमान्यातले होते. पावसात ही राख बसते आणि उन्हात भुसभुशीत होते. आतली लेन तर दोन-तीन शर्यतींतच उखडते. अशा ट्रॅकवर बुटांना २५ मिलिमीटरपर्यंतचे खिळे लागतात, सिंथेटिक म्हणजे रबरासारख्या कृत्रिम ट्रॅकवर ९ पुरतात.

गोव्यात अडचण जागेचीच. आठ लेनच्या ४०० मीटर ट्रॅकला सुमारे १७७ × ९३ मीटर सपाट जमीन लागते. जांभ्याच्या उतारावरच्या शाळेला एवढे मैदान कुठून मिळणार? फुटबॉलच्या मैदानाभोवती २०० मीटरचा ट्रॅक आखतात, वळणे घट्ट येतात आणि २०० मीटरची वेळ फुगते. आखताना एक चूक हमखास होते. फक्कीच्या रेषेवरच टेप धरला जातो. मोजायचे असते ते रेषेबाहेर २० सेंटिमीटरवर. तसे केले नाही, तर आखलेली रेषा बाहेर सरकते आणि प्रत्यक्ष धावायचा फेरा सव्वा मीटरने लांब होतो.

२०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या) क्रीडास्पर्धा आणि २०२३ च्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात झाल्या. दोन्ही वेळी धावण्याच्या शर्यती बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर घेण्यात आल्या. २०२३ साली तिथल्या निकालांत ‘गोवा’ हे नाव संघाच्या रकान्यात होते.