तुतीच्या वाणाची खरी परीक्षा अळीपुढे

रेशीम अळी वेगळे पाणी पीत नाही. तिला लागणारे पाणी आणि रेशमासाठी लागणारी प्रथिने तुतीच्या पाल्यातूनच येतात. त्यामुळे तुतीचा नवा वाण पारखताना एकरी किती पाला निघाला, एवढ्यावर थांबता येत नाही.

तुतीमध्ये नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि एकाच संकराची रोपेही एकसारखी निघत नाहीत. त्यांतून निवडलेले झाड पुढे बेण्यापासून, म्हणजे फांदीच्या तुकड्यांपासून वाढवतात. बेण्याला मुळे नीट फुटत नसतील, तर इतर गुण कितीही सरस असले तरी तो वाण शेतकऱ्याच्या कामाचा नाही. त्यानंतर प्रचलित वाणाशेजारी लावून, छाटणीगणिक आणि हंगामागणिक, पाल्याचे वजन आणि भुरी व तांबेरा या पानांवरच्या रोगांच्या नोंदी काही वर्षे ठेवतात.

तोडल्यावर पाला किती वेळ ताजा राहतो, ही चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, 100 ग्रॅम ताजा पाला सहा तास खोलीत ठेवल्यावर 82 ग्रॅम भरला आणि भट्टीत पूर्ण वाळवल्यावर 28 ग्रॅम उरला. म्हणजे मूळच्या 72 ग्रॅम पाण्यापैकी 54 ग्रॅम, अर्थात 75 टक्के पाणी सहा तासांनंतरही पानात टिकून होते. हे प्रमाण कमी असलेल्या वाणाचा पाला रॅकवर लवकर सुकतो, अळ्या तो अर्धवट सोडतात आणि शेतातले जादा उत्पादन संगोपनगृहात वाया जाते.

शेवटची चाचणी अळीच करते. एकाच जातीच्या, एकाच दिवशी निघालेल्या अळ्यांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळ्या वाणाचा पाला देतात आणि अळ्यांचे वजन, कोषाचे वजन व त्यातील रेशमी कवचाचे प्रमाण ताडून पाहतात.

म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत तयार झालेला व्ही-1 हा वाण महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर लावला जातो. त्याचे वर्षाला हेक्टरी 60 टनांच्या घरातले उत्पादन मात्र ओलिताखाली आणि भरपूर खतांवर मिळालेले आहे. बाल्य अळ्यांच्या कोवळ्या पाल्यासाठी एस-36, जिरायती तांबड्या जमिनीसाठी एस-13 आणि जिरायती काळ्या जमिनीसाठी एस-34 असे वेगळे वाण त्याच संस्थेने दिले आहेत. मराठवाड्यात पाण्याची खात्री नसलेल्या शेतकऱ्याने लागवडीआधी व्ही-1 सोबत एस-34 चाही विचार जरूर करावा.