पॅडल नंतर घ्या, आधी कोर्ट बघा
(नागपुरात पिकलबॉलसाठी जागा शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

दुकानात पॅडल, म्हणजे पिकलबॉलची चपटी बॅट, बघायला येणारे बहुतेकजण किमतीच्याही आधी विचारतात, "पण भाऊ, खेळायचं कुठे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी पॅडल विकत नाही. डेमोची दोन पॅडल आणि तीन बॉल देतो आणि सांगतो की या शनिवार-रविवारी दोन-तीन जागा फिरून या. जागा चांगली मिळाली तर साध्या पॅडलनेही वर्षभर खेळाल. जागा चुकली तर महागडं पॅडल महिनाभरात कपाटावर जाऊन पडतं. ती जागा पारखायची कशी, हे सांगायला हे पत्रक छापलं आहे.

आपल्या गावाला एक मोठा फायदा आहे. हा खेळ १९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला, तोही एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. त्यामुळे पिकलबॉलचं कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच, २० फूट बाय ४४ फूट, राहिलं. आणि नागपूर तर बॅडमिंटनचं गाव. २०१७ च्या नोव्हेंबरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सायना आणि सिंधूची राष्ट्रीय अजिंक्यपदाची फायनल बघायला गेलेले आमचे कितीतरी ग्राहक आहेत. ते कोर्ट डोळ्यांसमोर आणा, बाहेरची चौकट अगदी तीच. म्हणून शोध नव्या चकचकीत जागांपासूनच सुरू करायला हवा असं नाही. घराजवळच्या बॅडमिंटन हॉलमध्ये जाऊन आधी विचारा, दुपारच्या रिकाम्या वेळात ते पिकलबॉल खेळू देतात का.

मात्र तिथे सहा इंचांची एक गोम आहे. नेटपासून दोन्ही बाजूंना ७ फुटांपर्यंतच्या पट्ट्याला किचन म्हणतात. तिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन असते साडेसहा फुटांवर. पुष्कळ हॉलमध्ये तीच रेष किचनची म्हणून चालवून घेतात. एका सोसायटीत पहिल्यांदा कोर्ट आखून दिलं तेव्हा आम्हीही हीच चूक केली होती. तिथली मुलं वर्षभर त्यावर खेळली आणि पहिल्याच स्पर्धेत त्यांचे पाय पुन्हा पुन्हा रेषेवर पडले. आम्ही स्वखर्चाने जाऊन रेषा पुन्हा मारल्या. पण पायाला लागलेली सवय तेवढ्याने जात नाही, हे मनाला लागून राहिलं. तेव्हापासून टेप घेतल्याशिवाय आम्ही कोर्टाबद्दल मत देत नाही. तुम्हीही टेप न्या. नेटपासून किचनची रेष ७ फुटांवर आहे का ते बघा. चौकट काटकोनात आहे की नाही हे कळायला कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजा. दोन्ही कर्ण ४८ फूट ४ इंच भरले पाहिजेत.

नेट कडेला ३६ इंच आणि मधोमध ३४ इंच असावं. टेप विसरलात तर साधारण १६ इंच लांबीची दोन पॅडल एकावर एक उभी धरा, वर तीन बोटं ठेवा. नेटची मधली पट्टी तिथपर्यंत यायला हवी. बॅडमिंटनचंच नेट खाली ओढून बांधलेलं असेल तर ते मध्ये झोळ खातं आणि बॉल आरपार गेला की वर, यावरून निम्मा वेळ वाद होतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, फ्लोअर. पॅडल फिरवण्याआधी बॉल टाकून बघा. नियमांप्रमाणे साडेसहा फुटांवरून ग्रॅनाइटवर सोडलेला बॉल ३० ते ३४ इंच उसळायला हवा. इतकं काटेकोर मोजायची गरज नाही. हात डोक्याच्या थोडा वर नेऊन बॉल सोडा, तो मांडीपर्यंत वर आला पाहिजे. कोर्टाच्या चार-पाच ठिकाणी, विशेषतः बेसलाइनजवळ (मागच्या रेषेजवळ), हेच करा. एका ठिकाणी मांडीपर्यंत आणि दुसरीकडे गुडघ्याखाली येत असेल तर त्या कोर्टावर खेळ सुधारणार नाही.

बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर पिकलबॉलच्या रेषा मारून तासावर भाडं घेणारी जागा दिसली तर कृपया पैसे भरू नका. कृत्रिम गवतावर हा भोकांचा प्लास्टिक बॉल उसळतच नाही, मरून पडतो. काँक्रीट किंवा डांबरावर ॲक्रिलिकचा थर दिलेलं कोर्ट उघड्यावर सर्वात चांगलं. आत हॉलमध्ये लाकडी फ्लोअर किंवा बॅडमिंटनची मॅट चालते, मात्र तळव्याचा डाग न पडणारे इनडोअर शूज हवेत. धावायचे शूज तर कुठल्याच कोर्टावर नकोत. त्यांचा तळ उंच आणि मऊ असतो, बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो.

रेषेबाहेर मोकळी जागा किती आहे तेही पाहा. कोर्ट धरून एकूण ३० बाय ६० फूट ही किमान जागा. म्हणजे बाजूला पाच-पाच फूट आणि मागे आठ-आठ फूट. भिंत त्याहून जवळ असेल तर लॉब, म्हणजे डोक्यावरून मागे टाकलेला उंच बॉल, घ्यायला मागे धावलेला माणूस तिच्यावर आदळतो. आमच्याकडे येणाऱ्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेले काका-काकू बरेच आहेत. त्यांना हात जोडून सांगणं आहे, लॉब आला तर पाठमोरे धावू नका. आधी वळा, मग जा, नाहीतर तो पॉइंट सोडून द्या. उलटं पडल्यावर माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं.

ऊन, पाऊस आणि कूलर

उघड्या कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण आहे का, हे मोबाइलच्या होकायंत्रावर बघून घ्या. पूर्व-पश्चिम कोर्टावर सकाळी एका बाजूच्या आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत थेट सूर्य येतो. मे महिन्यात आपला पारा ४५ च्या आसपास गेला की ॲक्रिलिक दिवसभर तापतं आणि संध्याकाळी सातलाही पायाखालून झळ मारतं. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री आठच्या स्लॉटपेक्षा पहाटे साडेपाचचा स्लॉट घ्या. त्या दिवसांत बॉलही मऊ पडतो. पॅडल कारमध्ये ठेवून ऑफिसला जाऊ नका, आतल्या जाळीला चिकटवलेला वरचा पातळ थर उष्णतेने सुटतो आणि मग कुणालाच तो नीट बसवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी उलटं होतं, बॉल कडक होऊन तडकतो. पिशवीत दोन जास्तीचे असू द्या.

पावसाळ्यात कोर्ट बघायला मुद्दाम सर थांबल्यावर तासाभराने जा. रुपयाचं नाणं बुडेल एवढं पाणी कुठे साचून राहिलं असेल तर उतार चुकलेला आहे. कोपऱ्यांत हिरवट शेवाळ दिसलं तर तो हंगाम संपेपर्यंत तिथे जाऊ नका.

हॉल म्हटला की आपल्याकडे कूलर आलाच. बॉल हलका, त्यात भोकं. कूलरचा झोत कोर्टावरून जात असेल तर डिंक, म्हणजे नेटवरून हलकेच समोरच्या किचनमध्ये टाकलेला बॉल, भलतीकडेच वळतो आणि लाकडी फ्लोअर दमट होऊन निसरडा होतो. झोत कडेच्या बाकांकडे वळवायला सांगा, बहुतेक हॉलवाले ऐकतात. हॉलमध्ये २६ मोठ्या भोकांचा बॉल आणि बाहेर ४० लहान भोकांचा बॉल वापरतात, तेव्हा डेमो नेताना जागा कुठली आहे ते सांगा.

आणखी एक गोष्ट अंतराची. मोठ्या मोकळ्या जागा शहराच्या कडेला, वर्धा रोड, बेसा, हिंगणा रोडच्या अंगाला सापडतात. महाल-इतवारीत राहणाऱ्या माणसाला रोज सकाळी बेसा गाठणं जमत नाही, पहिल्या उत्साहानंतर जाणं तुटतं. घरापासून वीस मिनिटांच्या आत जे बरं कोर्ट असेल ते, पाऊण तासावरच्या उत्तम कोर्टापेक्षा आम्ही चांगलं मानतो. शक्य असेल तर मेट्रो स्टेशनजवळचं निवडा.

सोसायटीतच कोर्ट करायचं असेल तर पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर नको, सांध्यांवर बॉल वेडावाकडा उडतो. आणि काम सुरू करण्याआधी शेजारच्या खिडक्यांतल्या घरांना जाऊन विचारा. पॅडलचा टक-टक आवाज लांबपर्यंत जातो. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊनंतर खेळायचं नाही, एवढं आधीच ठरवलं तर पुढे भांडण होत नाही.

महिन्याचं शुल्क भरण्याआधी ज्या वेळी तुम्ही खेळणार त्याच वेळी जाऊन अर्धा तास नुसते बसा. एका कोर्टावर सहापर्यंत माणसं असतील तर पाळी पटकन येते. दहा असतील तर तुम्ही बाकावरच घाम पुसत बसाल. नवख्या माणसाला कुणी खेळायला बोलावतं का, तेही बघा. आम्ही फ्लोअरनंतर लगेच याच गोष्टीला मान देतो.

कुठल्याही कोर्टवाल्याकडून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून नाव विचारलंत तर मनापासूनच सांगू. सोसायटीची जागा मोजायला येण्याचे पैसे नाहीत. रेषा आखायचं काम दिलंत तर फक्त त्याचे. डेमोचा संच शनिवारी सकाळी न्यावा आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत आणून द्यावा. भाडं नाही, अनामत परत मिळते. बॉल तडकला तर भरपाई मागत नाही, तडकलेला तुकडा मात्र आणा. तो कुठल्या फ्लोअरवर आणि किती वाजता तडकला हे आम्ही वहीत टिपून ठेवतो, पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.