चिक्कीसारखी विरघळणारी सुई

'तेल चांगलं जिरवलं की औषध हाडापर्यंत पोचतं,' असं आमच्या शेजारच्या काकू ठामपणे सांगतात. कातडी इतकी भाबडी नसते. तिचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड, पण पेशींच्या विटा आणि मधे मेदाचा गिलावा अशी ती पक्की भिंत आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू तिथेच अडतात. निकोटिन १६२ डाल्टनचं, म्हणून त्याची कातडीवर चिकटवायची पट्टी चालते. इन्सुलिन ५,८०० च्या घरातलं, ते बाहेरच राहतं.

तळपायाला रात्रभर चिकटवून 'विष ओढून काढणाऱ्या' पट्ट्याही विकल्या जातात. त्यांच्यातली पूड कुठल्याही ओलाव्याने काळी पडते. नळाचं पाणी टाकून पाहा.

अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या सुया ती भिंत खरोखर ओलांडतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या मार्क प्राउस्निट्झ यांच्या गटाने १९९८ मध्ये त्या सिलिकॉनच्या केल्या. पुढे विरघळणाऱ्या सुया आल्या: औषध साखरेच्या किंवा पॉलिमरच्या द्रावणात मिसळायचं, साच्यात भरायचं, वाळवायचं, सोलून काढायचं.

पण कातडीत घुसण्याइतकी कडक सुई आत गेल्यावर विरघळते कशी? उन्हाळ्यात चिक्की कटकन मोडते. तीच पावसाळ्यात उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत चिवट होते. पाक भराभर निवला की साखरेच्या रेणूंना स्फटिकाच्या रांगा लावायला सवडच मिळत नाही, असतील तसे ते थिजतात. ही एक प्रकारची काचच, आणि विरघळणारी सुईही तशीच. पाण्याचे रेणू मधे शिरले की साखरेच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सुटते, ते सरकू लागतात आणि काच मऊ पडते. चिक्कीला हवेतला दमटपणा पुरतो. कातडीच्या आत तर सगळीकडे ओलच. तिथे सुई काही मिनिटांत संपते. लसीचे कणही या काचेत जखडलेले असतात, हलून विस्कटत नाहीत, म्हणून उष्णतेत जास्त टिकतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात अशा सुयांची गोवर-रुबेला लसीची पट्टी तान्ह्या बाळांच्या मनगटावर ५ मिनिटं लावली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत पट्टीने ९३ टक्के बाळांमध्ये गोवराची प्रतिपिंडं तयार झाली, तर इंजेक्शनने ९० टक्के. चाचणीतली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. इंजेक्शनची सुई नाही, पातळ करायची कुपी नाही. डोंगरातल्या पाड्यावर जाणाऱ्या आरोग्यसेविकेचं ओझं किती हलकं होईल!

अडचण मापाची आहे. पट्टीत जेमतेम मिलिग्रॅमभर औषध बसतं. लस त्याहून कमी लागते, ती मावते. ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल मावणार नाही.