सुप्रीम कोर्टात लॉ क्लर्क व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि परीक्षेची माहिती

शाळेतल्या मुलांना पूर्वी महिन्याला 3 किलो धान्य घरी न्यायला मिळायचं. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला : सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत वर्षातले किमान 200 दिवस शिजवलेलं जेवण द्या, त्यात किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं हवीत. आज शाळेत शिजणाऱ्या खिचडीमागे हा आदेश आहे. न्यायालयात असे आदेश कसे घडतात हे जवळून शिकायचं असेल, तर न्यायमूर्तींच्या कार्यालयात 'लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट' म्हणून काम करण्यासारखी दुसरी संधी नाही.

नावात क्लर्क असलं तरी हे कारकुनी काम नव्हे. याचिका वाचून गोषवारा काढायचा, जुने निकाल शोधायचे, युक्तिवादाची टिपणं घ्यायची. नेमणूक कंत्राटी आणि साधारण वर्षभराची असते. 2025-26 साठी मानधन महिना 80 हजार रुपये होतं.

बार कौन्सिलची (वकिलांच्या नियामक संस्थेची) मान्यता असलेली कायद्याची पदवी हवी, तीन वर्षांची किंवा पाच वर्षांची. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो, फक्त रुजू होण्याआधी पास झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. वय 20 ते 32. ते कोणत्या तारखेला मोजणार हे जाहिरातीत नीट वाचा.

अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरच, ऑनलाइन. गेल्या काही वर्षांत जाहिरात जानेवारीच्या सुमारास आली आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. शुल्क 500 रुपये होतं. फोटो, सही, दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा कॉलेजचं बोनाफाईड आणि ओळखपत्र आधीच स्कॅन करून ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि ओळखपत्रावर नाव वेगवेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, त्याला वेळ लागतो. वकिलीची सनद (परवाना) घेतली असली, तरी नेमणुकीच्या काळात वकिली करता येत नाही.

परीक्षेचे टप्पे तीन. पहिला वस्तुनिष्ठ प्रश्नांचा, दुसरा लेखी, तिसरा मुलाखतीचा. पहिले दोन एकाच दिवशी होतात. खरा कस लागतो तो दुसऱ्या टप्प्यात. प्रकरणाची कागदपत्रं समोर येतात आणि ठरावीक शब्दांत त्यांचा सारांश लिहायचा असतो. पाठांतर इथे उपयोगी पडत नाही.

हा सराव घरी बसून फुकट होतो, म्हणून लहान गावातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं. 'ई-एससीआर' या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन संग्रहात निकाल मोफत वाचता येतात, अनेक निकालांचे मराठी अनुवादही आहेत. आधी मराठीत वाचा, मग तोच निकाल इंग्रजीत, कारण न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. वाचून झालं की निकाल बाजूला ठेवा आणि एका पानात लिहा : वाद काय होता, प्रश्न कोणता, न्यायालयाने काय ठरवलं आणि का. घटनापीठासमोरच्या (राज्यघटनेचे मोठे प्रश्न ऐकणाऱ्या किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठासमोरच्या) सुनावण्या सप्टेंबर 2022 पासून थेट दिसतात. त्या ऐकत टिपणं घ्या, आठवड्याला एक तरी.

मुंबई उच्च न्यायालयही लॉ क्लर्क नेमतं. त्याची जाहिरात वेगळी निघते आणि अटीही वेगळ्या असतात, त्यामुळे इथली माहिती तिथे लागू धरू नका.