धाप लागते तेव्हा शरीरात काय होतं?

आमच्या जिममधल्या फळ्यावर रोज असं काहीतरी लिहिलेलं असतं: १० बैठका, ८ जोर, केटलबेलचे (मूठ असलेल्या लोखंडी वजनाचे) १२ झोके, १२ मिनिटांत होतील तेवढे राउंड. नवीन सभासदांचा पहिला प्रश्न असतो, "यानं वजन किती उतरेल?" आम्ही म्हणतो, काट्यावर नंतर उभे राहा, आधी दमसास वाढवू.

पहिले दहाएक सेकंद स्नायू स्वतःजवळच्या फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या साठ्यावर, चालतात. ते संपत आलं की साठवलेली साखर झपाट्यानं फोडली जाते आणि मांड्या पेटतात. दोनेक मिनिटांनी बहुतेक भार हृदय आणि फुप्फुसांवर येतो. मग सबंध वाक्य एका दमात बोलता येत नाही. मेहनत योग्य होतेय, याची ही सगळ्यात सोपी खूण. नुसत्या चालण्यात किंवा नुसती वजनं उचलण्यात हे सगळं एकदम होत नाही.

काही आठवड्यांत हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंतल्या पेशी ऑक्सिजन जास्त वापरू लागतात. ताकद त्याआधीच वाढलेली जाणवते, कारण मेंदू आणि नसा आहेत तेच स्नायू नीट कामाला लावायला शिकतात. दंड दिसायला मात्र वेळ लागतो.

'चार मिनिटांत फिट' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचं मूळ जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे: २० सेकंद जीव तोडून सायकल, १० सेकंद थांबा, अशा ७-८ फेऱ्या. सहा आठवड्यांत दमसास वाढला आणि ऑक्सिजन अपुरा पडतानाही काम करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. पण ती शारीरिक शिक्षणाची तरुण मुलं होती, दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं नव्हेत. म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही घड्याळ लावतच नाही. बैठकीत गुडघे आत पडत असतील, तर वेग वाढवून दुखणंच पदरात पडेल.

असा दमवणारा व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. शरीर सुधारतं ते मधल्या दिवशी, झोपेत आणि जेवणातून. दोन-तीन दिवस अंग आंबणं साहजिक आहे. लघवी काळ्या चहासारखी झाली आणि स्नायू सुजून खूप दुखू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येत असू शकतो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर राउंड अर्धवट सोडा. कोच रागावणार नाही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा आणि चालू गोळ्या सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही. अशा वेळी आम्ही घड्याळावरचा नाडीचा आकडा बघत नाही, तुम्हाला बोलतं ठेवतो.

घड्याळ लावून होणाऱ्या पहिल्या राउंडनंतर लगेच आणि एक मिनिटानं तुमची नाडी वहीत लिहून घेतो. सहा आठवड्यांनी तोच राउंड, तेवढ्याच वजनानं पुन्हा घेऊन नवे आकडे शेजारी लिहितो. वही काउंटरवर असते, कधीही मागून बघा.