जॉन्सन, एडी बर्नीस

जॉन्सन, एडी बर्नीस : (३ डिसेंबर १९३४ – ३१ डिसेंबर २०२३). अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या विधिमंडळाच्या आणि पुढे अमेरिकन काँग्रेसच्या डेमोक्रॅटिक पक्षीय सदस्या. मूळ व्यवसायाने परिचारिका. जन्म टेक्ससमधील वेको येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात. त्यांच्या जन्मवर्षाबाबत मतभेद आहे. हयातीत प्रसिद्ध झालेल्या बहुतेक परिचयांत ते १९३५ असे दिलेले असून निधनानंतरच्या नोंदींत १९३४ आढळते. वेकोच्या ए. जे. मूर हायस्कूलमधून त्या १९५२ मध्ये उत्तीर्ण झाल्या, हे ध्यानात घेता १९३४ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते.

त्या काळी टेक्ससमधील शिक्षणव्यवस्था वर्णविभक्त होती. कृष्णवर्णीय मुलींना तेथे मान्यताप्राप्त परिचर्या-शिक्षण मिळणे दुरापास्त असल्यामुळे त्यांनी इंडियाना राज्यातील सेंट मेरीज कॉलेजमध्ये प्रवेश घेतला आणि १९५५ मध्ये परिचर्येची पदविका मिळवली. पुढे नोकरी सांभाळून टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाची परिचर्येतील पदवी (१९६७) आणि सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाची लोकप्रशासनातील पदव्युत्तर पदवी (१९७६) त्यांनी संपादन केली. डॅलस येथील माजी सैनिकांच्या शासकीय रुग्णालयात त्यांची नेमणूक प्रत्यक्ष भेटीविना झाली होती. त्या कृष्णवर्णीय आहेत हे रुजू होताना कळल्यावर कबूल केलेली निवासाची सोय काढून घेण्यात आली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. सुमारे सोळा वर्षांच्या सेवेत त्या तेथील मनोरुग्ण विभागाच्या मुख्य परिचारिका झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या कृष्णवर्णीय होत.

१९७२ मध्ये त्या टेक्ससच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. डॅलसमधून सार्वजनिक पदावर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, असा त्यांचा उल्लेख केला जातो. या विजयाचे श्रेय सामान्यतः नागरी हक्क चळवळीतील त्यांच्या कार्याला आणि स्थानिक महिला कार्यकर्त्यांच्या आग्रहाला दिले जाते. ते अग्राह्य नाही. तथापि मतदारसंघांच्या रचनेत झालेला बदल अधिक निर्णायक मानावा लागतो. तोवर डॅलस परगणा हा १८ सदस्यांचा एकच बहुसदस्यीय मतदारसंघ होता. प्रत्येक जागेसाठी संपूर्ण परगणा मतदान करीत असल्याने एका भागात एकवटलेल्या कृष्णवर्णीय मतांना आपल्या पसंतीचा उमेदवार निवडून आणता येत नसे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्बांधणीच्या काळापासून (१८६५–७७) तेथून केवळ दोन कृष्णवर्णीय सदस्य निवडले गेले होते आणि दोघांनाही परगण्यातील प्रभावी श्वेतवर्णीय संघटनेचा पाठिंबा होता. जानेवारी १९७२ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने ही रचना रद्द करून एकसदस्यीय मतदारसंघ पाडले. सर्वोच्च न्यायालयाने ‘व्हाइट विरुद्ध रेजेस्टर’ खटल्यात (१९७३) डॅलस व बेक्सार या दोन परगण्यांपुरता तो निर्णय कायम केला, त्याआधीच जॉन्सन नव्या ‘३३-ओ’ मतदारसंघातून निवडून येऊन सभागृहात बसल्या होत्या. १९३९ च्या हॅच कायद्यान्वये संघीय कर्मचाऱ्याला पक्षीय निवडणूक लढवता येत नसल्याने या उमेदवारीसाठी त्यांना रुग्णालयातील नोकरी सोडावी लागली. टेक्ससचे विधिमंडळ नियमितपणे विषम वर्षीच, कमाल १४० दिवस भरते व सदस्यांचे वेतन अल्प असते. पगारदार परिचारिकेच्या दृष्टीने हा निर्णय किती जोखमीचा होता, हे त्यावरून समजू शकते.

दुसऱ्या कार्यकाळात त्या कामगारविषयक समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्या गृहातील प्रमुख समितीचे अध्यक्षपद स्त्रीकडे येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या पाच राज्यांच्या विभागाचे संचालकपद दिले. १९८१ नंतर काही वर्षे त्या खासगी व्यवसायात होत्या. १९८६ मध्ये त्या राज्याच्या ३१ सदस्यीय सीनेटवर निवडून आल्या.

सीनेटमध्ये काँग्रेसच्या मतदारसंघांची पुनर्रचना करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९९१ मध्ये आखलेला डॅलसचा ३० वा मतदारसंघ बव्हंशी त्यांच्याच हातचा होता आणि १९९२ मध्ये त्याच मतदारसंघातून त्या काँग्रेसवर गेल्या. दक्षिण डॅलसच्या सलग भागाला दूरवर पसरलेले चिंचोळे फाटे जोडणारी त्याची आकृती ‘बुश विरुद्ध व्हेरा’ खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी घटनाबाह्य ठरवली. हा मतदारसंघ जॉन्सन यांनी स्वतःसाठी आखला, अशी टीका झाली. आकृतीमागे वांशिक हेतूइतकाच पदस्थ लोकप्रतिनिधींच्या जागा सुरक्षित ठेवण्याचा हेतू होता, असा राज्याचा युक्तिवाद होता. दुसरा युक्तिवाद निदान राजकीय वस्तुस्थितीशी अधिक जुळतो. सीमा बदलून कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण घटल्यानंतरही १९९६ ची निवडणूक जॉन्सन यांनी सहज जिंकली.

काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका म्हणून त्यांची गणना होते. परिचर्या-शिक्षणाचा १९४३ चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या काँग्रेसच्या पूर्वीच्या सदस्या फ्रान्सिस बोल्टन स्वतः परिचारिका नव्हत्या. जॉन्सन काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाच्या अध्यक्ष (२००१–०३) होत्या. त्यांनी २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याच्या ठरावाला विरोध केला. २०१९ पासून त्या प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान, अवकाश व तंत्रविज्ञान समितीच्या अध्यक्ष होत्या. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री व पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत. अर्धसंवाहकांचे उत्पादन व वैज्ञानिक संशोधन यांविषयीच्या २०२२ च्या कायद्याचा संशोधनविषयक भाग मुख्यतः याच समितीत आकारास आला. जानेवारी २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी टेक्सस विधिमंडळाच्या सदस्या जॅस्मिन क्रॉकेट निवडून आल्या. त्याच वर्षअखेरीस डॅलस येथे जॉन्सन यांचे निधन झाले.