दुखतं बेंबीपाशी, बिघाड भलतीकडेच

गेल्या हिवाळ्यात भाचा रात्री इंदूरच्या सराफ्यात (रात्रीची खाऊगल्ली) गराडू आणि भुट्टे का कीस हाणून आला आणि बाराच्या सुमारास पोट धरून बसला. कुठे दुखतंय विचारलं तर बेंबीभोवती नुसता पंजा फिरवला, नेमकं बोट काही ठेवता येईना. आई म्हणाली गॅस धरलाय, हिंग कालवून बेंबीला लावला, शेजारच्या काकू "नाभी सरकली" म्हणून मोकळ्या झाल्या (इंदूरात हे निदान फुकट मिळतं). पहाटे उलटी झाली आणि दुखणं उजवीकडे खाली उतरलं, आता मात्र एका बोटाने दाखवत होता. दवाखान्यात नेताना स्कूटर स्पीडब्रेकरवरून गेली की ओरडायचा, "मामा, हळू!" अपेंडिक्स निघालं.

मग ते आधी बेंबीपाशी का दुखलं? तर आतड्याच्या नसा फार ढोबळ काम करतात. आतडं कापलं तरी त्याला फारसं कळत नाही, ताणलं, सुजलं किंवा रक्त कमी पडलं की मात्र कळ येते. आणि गर्भात आतडं म्हणजे मधोमध असलेली सरळ नळी असते ना, तिच्या नसा मणक्यात दोन्ही बाजूंनी जातात, म्हणून पुढे ते सहा मीटर वेटोळं कुठेही पसरलं तरी मेंदूला दुखणं मधल्या रेषेवरच वाटतं. जठराचं बेंबीच्या वर, लहान आतडं आणि अपेंडिक्सचं बेंबीपाशी, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात. बेंबीच्या कातडीच्या नसा आणि अपेंडिक्सच्या नसा मणक्यात साधारण एकाच मजल्यावर पोचतात, छातीच्या दहाव्या नसेच्या, तिथेच मेंदूची गफलत होते.

सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की खेळ बदलतो, कारण अस्तराच्या नसा कातडीसारख्या, जागा बरोब्बर सांगणाऱ्या. ते अस्तर जरा हललं तरी झोंबतं, म्हणून तो स्पीडब्रेकर. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये ही जागा सांगितली होती, उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे साधारण एक तृतीयांश अंतरावर. भाच्याचं बोट जवळपास तिथेच होतं.

अर्थात सगळ्यांचं अपेंडिक्स एवढं शहाणं नसतं, काहींचं मोठ्या आतड्यामागे लपलेलं असतं, तेव्हा कंबरेत दुखतं. आणि खूप दुखून एकदम हलकं वाटलं तर खूश होऊ नका, फुटलेलंही असू शकतं.